नियम एक सांगतो, तर्क दुसरंच

‘ग्लूमहेवन’ या २०१७ च्या बोर्डगेममध्ये अदृश्य झालेला नायक दारात उभा राहिला, की राक्षसांची वाटच बंद होते. त्यांना त्याच्यावर हल्ला करता येत नाही आणि नियमानुसार तो त्यांच्यासाठी निव्वळ अडथळा असतो. दुसरा रस्ता नसेल, तर जवळून लढणारे राक्षस पलीकडे नुसते ताटकळतात. तर्काने पाहिलं तर हे हास्यास्पद आहे. माणूस दिसला नाही तरी धडक बसेलच ना!

पण इथे तर्क लावला की प्रश्न थांबत नाहीत. धडकेने इजा किती? नायक मागे ढकलला जाईल का? प्रत्येकजण आपापलं भौतिकशास्त्र घेऊन भांडायला बसतो आणि ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं ठरतं. त्यापेक्षा ताटकळणारे राक्षस परवडले.

याच खेळात साथीदाराला सोनंही देता येत नाही. एकमेकांसाठी जीव धोक्यात घालणारे दमडी उसनी देत नाहीत, हे पटणं कठीण. पण त्यामुळेच पडलेली नाणी कोण उचलणार, ही चुरस टिकते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रांच्या भूमिका वठवण्याच्या खेळात मात्र मी तर्काच्या बाजूने. तिथे निवाडा करायला डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, असतो. तेलाने माखलेल्या जिन्यावर मशाल फेकली आणि पुस्तकात तशी ओळ नाही म्हणून आग लागू दिली नाही, तर तो शुद्ध कद्रूपणा. बोर्डगेममध्ये बहुधा असा पंच नसतो. तिथे नियमपुस्तिका गप्प असेल तेव्हाच तर्क चालवावा, तोही सगळ्यांचं एकमत असेल तर.