पगार मोठा की सातबारा मोठा?

हिंजवडीत महिना दोन लाख कमावणारा माझा मावसभाऊ आणि मुळशीत पाच एकर भातशेती असलेले त्याचे सासरे. यात श्रीमंत कोण?

भावाच्या डोक्यावर 80 लाखांचं गृहकर्ज आहे. साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं, हप्ता साधारण 69,400 रुपये. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ 56,700 नुसत्या व्याजात गेले, मुद्दल फिटलं पावणेतेरा हजारांच्या आसपास. परतफेडीचा तक्ता मला दाखवताना त्याचं बोट त्या व्याजाच्या रकान्यावरच थांबलं होतं. शिवाय गाडीचा हप्ता, शाळेची फी. नोकरी गेली तर शिलकीवर फार तर तीन महिने निघतील.

सासऱ्यांचं नेमकं उलटं. सातबारा कोरा, जमिनीचा भाव कोटींत. पण इंद्रायणी तांदूळ वर्षातून एकदाच घरात येतो आणि मजुरी, खत जाऊन हातात थोडंच उरतं. अडीनडीला जमीन काही एटीएममधून निघत नाही. शेती म्हणून विकायची तर घेणाराही शेतकरीच लागतो.

तरी मी सासऱ्यांनाच श्रीमंत म्हणेन. सगळं देणं वजा केल्यावर काय उरतं आणि काम थांबलं तरी चूल किती दिवस पेटते, एवढंच मी बघतो. त्यांची चूल पेटतेच.

भावाने यंदाचा बोनस थेट मुद्दलात भरला. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर त्याला दंड लागत नाही.