‘रेनॉल्ड्स ५३१’ म्हणून गळ्यात मारलेली फ्रेम

फिक्स्ड गिअर सायकलसाठी (जिची पेडल मागच्या चाकाबरोबर सतत फिरतात अशा सायकलसाठी) जुनी स्टील फ्रेम शोधणाऱ्या बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील सायकलप्रेमींना सावध करण्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. ‘रेनॉल्ड्स ५३१’ या नावाजलेल्या मिश्र स्टीलच्या नळ्यांची इंग्लिश ट्रॅक फ्रेम, म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलची फ्रेम, असे सांगून एका माणसाने मला १८ हजार रुपयांना जी फ्रेम विकली, ती प्रत्यक्षात साध्या स्टीलच्या जुन्या स्पोर्ट्स सायकलची निघाली. तिची मागची टोके, म्हणजे मागचे चाक जिथे बसते ते भाग, कापून तेथे नवी पट्टी जोडली होती आणि वरून रंग चढवून ती ट्रॅक फ्रेमसारखी दिसेल अशी केली होती.

या माणसाचे बोलणे अभ्यासू होते आणि त्याने सांगितलेला इतिहास खराही होता. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ते स्टीलच्याच सायकलवर. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या केरिन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींमध्ये आजही स्टीलच्या फ्रेम वापरतात. बारीक गोल नळ्या, लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या धातूच्या खोबणीत) पितळेने झाळलेले सांधे, वाकली तर सरळ करता येणारी आणि नळी तुटली तर बदलता येणारी फ्रेम, या गोष्टींचे आकर्षण मलाही आहे आणि ते अस्थानी आहे असे मला आजही वाटत नाही. फिक्स्ड गिअर सायकलला गिअरच्या केबल आणि त्यांचे यंत्र लागत नसल्यामुळे फ्रेमच्या रेषा मोकळ्या दिसतात, म्हणून तर हे वेड लागते. या खऱ्या गोष्टींच्या आडून खोटा माल खपवला गेला, याचा मला अधिक राग आहे.

व्हिडिओ कॉलवर त्याने फ्रेमला लोहचुंबक चिकटवून दाखवला आणि म्हणाला, “बघा साहेब, अस्सल स्टील आहे.” नंतर त्याने आडव्या नळीवर चमच्याने टिचकी मारून तिचा घणघणीत आवाज ऐकवला. यातून फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची नाही, एवढेच काय ते सिद्ध होते. साधे स्टील आणि १९३५ साली बाजारात आलेले ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील, दोन्ही चुंबकाला सारखीच चिकटतात. दोघांची घनता आणि ताठपणाही जवळपास सारखाच असतो. फरक असतो तो ताकदीचा. मिश्र स्टील जास्त ताण सोसते, म्हणून नळीची जाडी कमी ठेवता येते, आणि चांगल्या नळ्या तर सांध्यापाशी जाड व मधे पातळ काढलेल्या असतात. फ्रेम हलकी होते ती या पातळ जाडीमुळे. स्टिकरचे म्हणाल तर जुन्या सायकली दुरुस्त करणाऱ्यांसाठी रेनॉल्ड्सची नवी स्टिकर उघडपणे विकत मिळतात, त्यामुळे स्टिकर हा पुरावा ठरत नाही.

फ्रेम हाती आल्यावर पहिली शंका वजनाने आली. पुढचे चाक धरणारा चिमटा सोडून ती दोन किलोच्या आसपास भरेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात काटा तीन किलोच्या पुढे गेला. सीटची दांडी बसली ती २५.४ मिलिमीटरची. ती दांडी ज्या नळीत बसते तिचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर होता, म्हणजे नळीची जाडी १.६ मिलिमीटर झाली. ५३१ च्या चांगल्या फ्रेममध्ये याच नळीत बहुधा २७.२ मिलिमीटरची दांडी बसते. क्रँकच्या खालचा फ्रेम क्रमांकही ग्राइंडरने घासून टाकलेला होता.

उद्यमबागेतल्या एका वयस्क मेस्त्रींकडे मी फ्रेम नेली. त्यांनी मागच्या टोकावरचा रंग पॉलिश पेपरने घासला. आधी हिरवा रंग निघाला, मग खड्डे बुजवायची पांढरी लांबी (पुट्टी), आणि लांबी खरवडल्यावर इलेक्ट्रिक वेल्डिंगची खडबडीत कड उघडी पडली. “सर, हे मागनं बसवलंय बघा. पट्टी साध्या लोखंडाची आहे, आणि दोन्ही बाजू एका रेषेतही नाहीत,” असे म्हणून त्यांनी चाक लावून दाखवले. चाक उजवीकडे झुकत होते आणि चेन वाकडी धावत होती.

ही फसवणूक केवळ पैशांची आहे असे कुणी समजू नये. फिक्स्ड गिअरमध्ये फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग, नसतो. पायांनी उलटा जोर देऊन वेग कमी करायचा असल्याने मागच्या टोकांवर ताण दोन्ही दिशांनी येतो. राजहंसगडाचा किंवा चोर्ल्याचा उतार उतरताना ती पट्टी सुटली किंवा चाक सरकून चेन निघाली, तर पायांचा ब्रेक उरत नाही, आणि चेन हबमध्ये अडकली तर मागचे चाक जागच्या जागी आवळले जाते. पुढचा ब्रेक लावलेला नसेल तर काय होईल हे सांगायला नको.

विकणाऱ्याने आधी “वर्कशॉपवाल्याला विचारून सांगतो” म्हटले, नंतर फोन उचलणेच बंद केले. पैसे यूपीआयने गेलेले असल्यामुळे मी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि फोटो जपून ठेवलेले उपयोगी पडले. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

त्यानंतर माझ्या फ्रेमच्या फोटोत होत्या त्याच घराच्या पायऱ्यांवर, त्याच पद्धतीने टेकवून ठेवलेल्या दुसऱ्या एका फ्रेमचा फोटो वेगळ्या नावाने विक्रीला आलेला मी पाहिला आहे. गडद निळा रंग, नवे कोरे स्टिकर आणि ‘चिकोडीहून पाठवतो’ असा मजकूर आहे. हा फोटो कुणाच्या पाहण्यात आला, तर मागच्या टोकांचा आतल्या बाजूने काढलेला जवळचा फोटो, क्रँकखालचा क्रमांक आणि सीटच्या दांडीवर कोरलेला व्यास आधी मागून घ्यावा, आणि फ्रेम समोर पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.