ल्युसर्नचे दोन लाकडी पूल : कापेलब्रुके आणि श्प्रॉयरब्रुके

स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहरात रॉइस नदीवर छप्पर असलेले दोन जुने लाकडी पूल आहेत. चौदाव्या शतकातील कापेलब्रुके अष्टकोनी जलबुरुजामुळे जगभर ओळखला जातो. परंतु १८ ऑगस्ट १९९३ च्या आगीत त्याचा बराच भाग आणि सतराव्या शतकातील बहुतेक त्रिकोणी चित्रफलक जळाले. नगरीने तो पुन्हा उभारून एप्रिल १९९४ मध्ये खुला केला. ही तत्परता कौतुकास्पद आहे, तरीही आज पायांखाली असलेले बरेचसे लाकूड नवे आहे, आणि आढ्याखालचे काळवंडलेले फलक पाहताना जीव हळहळतो.

श्प्रॉयरब्रुके त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. धान्याचा कोंडा नदीत टाकण्याची परवानगी प्रवाहाच्या दिशेने सर्वांत खालच्या याच पुलावरून असे, म्हणून त्याला हे नाव पडले (जर्मनमध्ये ‘श्प्रॉय’ म्हणजे कोंडा). तोही १५६६ मध्ये कोसळला होता आणि नंतर पुन्हा बांधला गेला. मात्र चित्रकार कास्पार मेग्लिंगरच्या मृत्युनृत्याच्या, म्हणजे मृत्यू सर्व थरांतल्या माणसांना सोबत नेतो असे दाखवणाऱ्या, चित्रमालिकेतील मूळ ६७ पैकी ४५ फलक शिल्लक आहेत. पुनर्बांधणीचे कौशल्य अभ्यासायचे असल्यास कापेलब्रुके पाहावा. जुन्या चित्रांसाठी मात्र मी निःसंशय श्प्रॉयरब्रुकेच सुचवेन.