खिशातला प्रोब की ट्रॉलीवरचं मशीन?

आयसीयूसाठी सोनोग्राफी घ्यायची आहे आणि जमलं तर पर्यावरणाचाही विचार करायचा आहे, असं म्हटलं की सेल्सवाला हमखास खिशात मावणारा प्रोब, म्हणजे अंगाला टेकवून चित्र घेणारा सोनोग्राफीचा हातातला भाग, टेबलावर ठेवतो. वीज नगण्य, जागा नगण्य, टॅब्लेटला जोडला की काम सुरू. शेजारचं ट्रॉलीवरचं मशीन लगेच अवजड आणि उधळं वाटायला लागतं. आमच्याकडे दोन्ही आहेत. प्रकरण इतकं सरळ नाही, असं माझं मत होत गेलं.

आधी थोडा हिशेब. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका तपासणीमागे सरासरी किती कार्बन (कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य वजनात) हवेत जातो ते काढलं होतं. एमआरआय १७.५ किलो, सीटी ९.२, छातीचा साधा एक्स-रे ०.८, पोर्टेबल एक्स-रे ०.५ आणि सोनोग्राफीसुद्धा ०.५. म्हणजे पोर्टेबल एक्स-रेऐवजी प्रोब लावला तर रेडिएशन टळतं, फिल्मही वाचते, पण कार्बनमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सीटी टळली तर. तोही लगेच ९.२ किलोंचा नाही, कारण आपला पेशंट सीटीला गेला नाही म्हणून ते मशीन कुणी बंद करत नाही. त्या अभ्यासाचा सल्लाही साधाच आहे: अनावश्यक तपासण्या लिहू नका, जमेल तिथे सीटी-एमआरआयऐवजी एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर भागवा, आणि वापर नसेल तेव्हा यंत्रं खरोखर बंद करा.

या शेवटच्या मुद्द्यावर ट्रॉलीवरचं मशीन हरतं. आमचं मशीन चालू व्हायला वेळ घेतं, त्यामुळे रात्री ते कुणी बंद करत नाही. मध्येच पेशंट कोसळला तर कोण थांबणार? मी काही वीज मोजायचं मीटर लावलेलं नाही, पण सकाळच्या राउंडला मशीनच्या मागच्या जाळीवर हात ठेवला की रात्रभर काय चाललं होतं ते कळतं. आपल्याकडची वीज म्हणजे अजून बरीचशी चंद्रपूर-कोराडीची कोळशाचीच, त्यामुळे ही ऊब फुकटची नव्हे. यावर उपाय आहे. बॅटरीवर चालणारं, लॅपटॉपच्या धाटणीचं मशीन ट्रॉलीवर बसवून घेतलं तर ते झोपतं आणि पटकन उठतं. नाइटच्या सिस्टरांनी एकदा मनावर घेतलं की सवय लागते.

स्वच्छतेतही छोटा प्रोब पुढे आहे. एका वाइपमध्ये प्रोब आणि वायर दोन्ही होतात. ट्रॉलीवर कीबोर्ड, ट्रॅकबॉल, हँडल, तीन प्रोबच्या लोंबत्या वायरी असतात, आणि ट्रॅकबॉलच्या कडेला जेलीचा जो पांढरट थर बसतो तो काढताना मावशींचे दोन-तीन वाइप सहज जातात. हे वाइप बहुतेक प्लॅस्टिकच्या धाग्यांचेच. रक्त किंवा स्राव लागलेला असला तर पिवळ्या पिशवीतून थेट भट्टीत. आम्ही आधी धुवायचं सुती फडकं आणि मग एकच वाइप, असं सुरू केलंय. इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना विचारून करा, इतकंच म्हणेन.

आता खिशाचा मुद्दा. छोट्या प्रोबचं सगळं कौतुक तो डॉक्टरबरोबर फिरतो यावर उभं आहे. पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याला मशीनचा आकार दिसत नाही. प्रत्येक मशीनची नोंद लागते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर पोर्टेबल मशीन नोंदणीकृत जागेत, तिथल्या दाखल पेशंटसाठीच वापरता येतं. अपवाद फक्त नोंदणी केलेल्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा. कायदा का आला हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, त्यामुळे तक्रार नाही. परिणाम मात्र असा की आमचा खिशातला प्रोब कुलपाच्या कपाटात असतो आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरांकडे. अवजड ट्रॉली आपली चार नंबरच्या बेडशेजारी उभी असते.

तरीही मी छोट्या प्रोबच्या बाजूने झुकलो असतो. माझा विचार फिरवला तो टॅब्लेटने.

एका सकाळी अ‍ॅपने अपडेट मागितलं. अपडेट झाल्यावर अ‍ॅप म्हणालं, टॅब्लेटची सिस्टिम जुनी आहे. टॅब्लेटला त्यापुढची सिस्टिम मिळतच नव्हती. प्रोब ठणठणीत, टॅब्लेटची काच, बॅटरी सगळं ठणठणीत, समोर छातीत पाणी झालेल्या आजी उठून बसलेल्या, आणि स्क्रीनवर नुसती सूचना. त्या दिवशी ट्रॉली ओढून आणून काम झालं. कंपनीचं उत्तर विनम्र होतं: नवा टॅब्लेट घ्या, यादी पाठवतो. घेतला. पुढे प्रोबची चार्जिंग टिकेना, तेव्हा कळलं की आतली बॅटरी सीलबंद आहे. दुरुस्ती नाही, बदलून दुसरा प्रोब, अर्थात पैसे भरून. कुणी फसवलं असं म्हणत नाही, सगळं करारात बारीक अक्षरात असणारच. पण विजेची जी काही बचत झाली असेल ती या दोन वस्तूंच्या कचऱ्यात किती उरली, मला शंका आहे. प्रोबच्या पारंपरिक स्फटिकात शिसं असतं, टॅब्लेटमध्ये लिथियमची बॅटरी. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत वैद्यकीय उपकरणं आली आहेत आणि जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, हे खरं. पण कचरा परत घेतला तरी तो आधी झालेलाच असतो.

आमच्या ट्रॉलीवरच्या मशीनचा पंखा बदलला, बॅटरी बदलली, एका प्रोबची तुटलेली केबल दुरुस्त होऊन आली. चित्र आजही पहिल्यासारखं येतं. ते नेटला जोडलेलं नाही, त्यामुळे त्याला कुणी जुनं ठरवू शकत नाही.

चित्राचंही सांगतो. फुफ्फुसातल्या बी-लाइन्स (फुफ्फुसात पाणी साचल्यावर दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा), छातीतलं पाणी, तुंबलेलं मूत्राशय यांना छोटा प्रोब पुरतो. पण स्थूल पेशंटचं पोट, किंवा व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं हृदय बघताना ‘असावं बहुतेक’ इथवरच गाडी येते. मग खात्रीसाठी रेडिओलॉजीची सोनोग्राफी, आणि कधी थेट सीटी. ट्रॉलीवर ही वेळ मला कमी येते असं वाटतं. हात माझाच, त्यामुळे पक्षपात धरून चाला.

फक्त डायलिसिस युनिटसाठी घेत असाल आणि फुफ्फुसात पाणी किती एवढंच बघायचं असेल, तर छोटा प्रोब खुशाल घ्या. मेडिसिनच्या मिश्र आयसीयूला मात्र मी पुन्हा बॅटरीवालं ट्रॉलीचं मशीनच घेईन. छोटाच घ्यायचा ठरला तर तीन गोष्टी कोटेशनवर लिहून घ्या: बॅटरी सुटी बदलता येते का, अ‍ॅप नेटशिवाय आणि अपडेट न करता चालतं का, आणि आज घेतलेल्या टॅब्लेटवर ते किती वर्षं चालवण्याची हमी कंपनी देते. आमच्याकडे आलेल्या सेल्सवाल्याने पहिल्या दोनांची उत्तरं जागेवर दिली. तिसऱ्यासाठी ‘हेड ऑफिसला विचारून सांगतो’ म्हणाला.