परांची लागणार: टेरेस रिकामी करून द्यावी की झाकून ठेवावी?

सोसायटीच्या सभेत बाहेरच्या दुरुस्तीचा ठराव होतो, कंत्राटदार ठरतो. बाकीच्यांच्या फक्त खिडकीबाहेर परांची येते. टेरेस फ्लॅटवाल्याच्या मात्र थेट टेरेसवरच परांचीचे पाय उभे राहतात आणि वरच्या सगळ्या मजल्यांचं फोडलेलं प्लास्टर तिथेच पडतं. अशा वेळी एक तर सगळं उचलून टेरेस कामासाठी मोकळी द्यायची, नाहीतर कुंड्या, टाइल्स, पर्गोला (सावलीचा मांडव) जागेवर ठेवून वरून झाकायचं.

निर्णयाआधी निविदेतलं मोजमापाचं पत्रक कमिटीकडून मागून घ्या. त्यात फक्त भेगा भरणं आणि रंग असेल तर झाकून भागतं. जुनं प्लास्टर काढणं, गंजलेल्या सळयांची दुरुस्ती, पॉलिमर मॉर्टर (रसायन मिसळलेला दुरुस्तीचा गिलावा) असं लिहिलेलं असेल तर झाकण्याचा विचार सोडा. बाहेरचं प्लास्टर दोन थरांत साधारण २०-२५ मिलिमीटर जाड असतं. त्याचा एक चौरस फुटाचा तुकडा साडेचार किलोच्या आसपास भरतो, आणि तो चौथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीवरून येतो. ताडपत्री धूळ अडवते, सिमेंटचं पाणी थोडंफार अडवते; हा तुकडा ती अडवत नाही. खालची टाइल तडकते आणि ताडपत्री काढेपर्यंत कळतही नाही. शिवाय नव्या प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. ते ताडपत्रीच्या झोळात साचतं आणि डास होतात.

रंगकामापुरतं झाकायचंच असेल तर खाली गोणपाट, त्यावर १२ मिलिमीटरचं प्लाय, सांध्यांना टेप, आणि सगळ्यात वर ताडपत्री. पाणी जायचं तोंड मात्र झाकायचं नाही. तिथे बारीक जाळी आणि गोणपाटाची गुंडाळी ठेवा, रोज झटका. सिमेंटचं पातळ पाणी पाइपात उतरून घट्ट झालं की जूनमध्ये टेरेसचं तळं होतं, आणि मग पाइप फोडण्यावाचून इलाज राहत नाही.

झाडांसाठी दोन्ही पर्याय कठीणच. परांचीला लावलेल्या हिरव्या जाळीमागे ऊन कमी पडतं, जास्वंद-गुलाब फुलायचे थांबतात. त्यावर सिमेंटची धूळ पानांवर बसते आणि ओल लागली की तिचा पापुद्रा होतो. ओल्या मातीची बारा इंची कुंडी १५-२० किलोची असते, त्यामुळे हलवणं कंटाळवाणं आहे, पण तीन-चार महिने टिकवायची असतील तर दुसऱ्या बाजूला हलवाच. इमारतीच्या सामाईक गच्चीवर जागा मिळाली तर कुंड्या मधोमध न ठेवता कडेने, तुळईच्या रेषेत लावा.

आता वजन. ज्या छतावर माणसांची ये-जा असते त्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो वाढीव भार धरतात. फोडलेल्या प्लास्टरचा फूटभर उंच ढीग चौरस मीटरला ४०० किलोच्या पुढे जातो. एकावर एक रचलेल्या ५० किलोच्या पाच गोण्यांखाली तर भार त्याहूनही एकवटतो. म्हणून टेरेस मोकळी दिली म्हणजे ती गोदाम म्हणून दिली, असं कंत्राटदाराला वाटू देऊ नका. राडारोडा रोज गोण्यांत भरून खाली जाईल, सिमेंट-वाळूचा साठा टेरेसवर होणार नाही, ही दोन वाक्यं लेखी हवीत.

परांची कोणती, यावरही बरंच अवलंबून आहे. बांबूची परांची हलकी, अडचणीच्या कोपऱ्यात बसते. बांबूच्या बुडाखाली गोणपाट किंवा फळी नसली तर गुळगुळीत टाइलवर पाय सरकतो. लोखंडी कपलॉक, म्हणजे एकमेकांत अडकवून जोडलेल्या पाइपांची परांची, ताठ आणि कामगारांसाठी जास्त सुरक्षित, पण उंच इमारतीत तिचं सगळं वजन मोजक्या पायांवर येतं. पायांखालच्या १५० मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी पट्ट्या थेट टाइलवर नकोत, खाली जाड लाकडी फळ्या हव्यात. एका पायावर किती भार येणार आणि खालच्या फ्लॅटमध्ये टेकू लावावे लागतील का, हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून लिहून घ्या. वरून दोराने टांगलेल्या झुल्यावरून काम झालं तर टेरेसवर पाय येतच नाहीत. रंगाला तो उत्तम, सळया मोकळ्या करून दुरुस्त करायच्या असतील तर चालत नाही. झुल्याचा दोर कठड्याला बांधलेला दिसला तर काम तिथेच थांबवायला सांगा; कठडा त्यासाठी बांधलेला नसतो.

सगळ्यात महाग चूक होते ती वॉटरप्रूफिंगच्या क्रमात. खालच्या फ्लॅटमध्ये गळती असते, म्हणून आधी टेरेस करून घ्या असा आग्रह होतो. नव्या कोटिंगवर परांचीचे पाय आणि प्लास्टरचे तुकडे आले की ते जागोजागी फाटतं आणि हमीवरून वाद सुरू होतो. वॉटरप्रूफिंग परांची उतरल्यावरच करा. मात्र भिंतीच्या बुडाचं फूटभर प्लास्टर तोपर्यंत बाकी ठेवायला सांगा, कारण वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवरून भिंतीवर तेवढा चढवायचा असतो आणि प्लास्टर त्याच्यावर यायला हवं. प्लास्टर आधी पूर्ण झालं तर थर प्लास्टरच्या बाहेरच्या अंगावर संपतो आणि पाणी त्याच्या मागून उतरतं. कोपऱ्यातला वाटाही (भिंत आणि जमीन मिळते तिथली गोलाई) त्याच वेळी मारायचा. जुना कोबा (उतारासाठी घातलेला जाड थर) तसाच ठेवून वर नवा घालू नका. चार इंची कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात वजन वाढवतो.

यासाठी वेळ हाताशी लागतो. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेलं काम एप्रिलअखेर टेरेसवरून उतरलं तर मे महिना मिळतो. काम उशिरा सुरू होत असेल तर टेरेसची बाजू पहिली घ्यायला लावा. तारखेसह ताबा आणि तारखेसह परत, हे टेरेस मोकळी देण्याच्या बदल्यात मिळवायचं असतं. झाकून ठेवणाऱ्याला ते मिळत नाही, त्याचं काम "थोडं थोडं" करत शेवटपर्यंत लांबतं.

खर्चाचं म्हणाल तर, आदर्श उपविधींप्रमाणे टेरेस आणि कठड्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चातली आहे. मालकाने हौसेने बसवलेल्या टाइल्स आणि पर्गोला सोसायटी सहसा भरून देत नाही. ताबा देण्याआधी तारखेचे फोटो काढून पत्रासोबत सेक्रेटरीकडे द्या, पोच घ्या. एसीचं बाहेरचं युनिट तंत्रज्ञाकडून गॅस बंद करून उतरवा. नुसतं झाकलं तर धूळ पंख्यातून आत ओढली जाते.

घर सोडावं का? आपल्या बाजूचं फोडकाम चालू असतानाचे दिवसच खरे त्रासाचे. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर तेवढे दिवस जा. एरवी घरात राहणं बरं, कारण परांची म्हणजे चोराला आयती शिडी, आणि कामगारांची ये-जा तुमच्या घरातून न होता परांचीवरूनच होते ना, हेही दिसतं. टेरेसच्या दाराला आतून आडणा आणि वेगळं कुलूप लावा.

परांची खाली उतरताना तिचे भिंतीतले बोल्ट निघतात. प्रत्येक भोक तिथे माणूस उभा असतानाच पॉलिमर मॉर्टरने भरलं पाहिजे, नंतर तिथे कोणी पोहोचत नाही. शेवटी, टाइल्स लावण्याआधी, पाण्याची तोंडं बंद करून टेरेसवर इंचभर पाणी तीन दिवस तुंबवा आणि खालच्या फ्लॅटचं छत रोज पाहा. ते कोरडं राहिलं की तोंडं उघडा आणि पाणी कुठे रेंगाळतं ते खडूने आखून ठेवा. कंत्राटदाराची राखून ठेवलेली रक्कम त्या जागांचा उतार दुरुस्त होईपर्यंत सोडू नये, असं कमिटीला आधीच कळवलेलं असावं.