लुळा हात आणि आकडीची गोळी: पक्षाघातानंतर निवड करताना

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी आणताना औषधांच्या यादीत पुष्कळदा आकडीची गोळीही असते, आणि हात लुळा पडलेल्या माणसाच्या घरच्यांना ती हाताच्या ताकदीसाठीच दिली आहे असे वाटते. आमच्या घरीही तसेच झाले. सदऱ्याचे बटण लावण्यापूर्वी बाबा उजव्या हाताची मिटलेली बोटे डाव्या हाताने एकेक करून उघडत, आणि आम्ही मात्र व्यायामापेक्षा गोळीची वेळ चुकणार नाही याचीच अधिक काळजी घेत होतो. त्यांना आकडी एकदाही आली नव्हती, हे डॉक्टरांशी बोलण्याचे पहिले कारण असायला हवे होते.

म्हणून कोणती गोळी बरी, याआधी गोळी हवीच का, हे ठरवावे. आकडी येऊन गेली असेल, विशेषतः पक्षाघातानंतर आठवडा उलटल्यावर आली असेल, तर ती पुन्हा येण्याचा धोका मोठा असतो आणि औषध घेण्याला भक्कम कारण आहे. आकडी आलेलीच नसेल, तर केवळ खबरदारी म्हणून ही औषधे सरसकट देऊ नयेत, असे अमेरिकेतील आणि युरोपातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत लिव्हेटिरॅसिटम हे आकडीचे औषध घेणाऱ्यांपैकी 16 टक्के, तर औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी 43 टक्के रुग्णांना सुरुवातीच्या काळात आकडी आली. या टक्केवारीत केवळ मेंदूच्या विद्युत आलेखावर (ईईजी) दिसणारी आकडीही धरली होती. फरक लक्षणीय आहे, पण रुग्णाची पुढची कार्यक्षमता त्यामुळे सुधारल्याचे दिसले नाही, आणि हात वापरता यावा म्हणून धडपडणाऱ्या कुटुंबाला नेमके तेच हवे असते.

औषध आवश्यक असेल, तर हाताच्या दृष्टीने फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि लिव्हेटिरॅसिटम हे तिन्ही प्रचलित पर्याय सारखे नाहीत. फेनिटॉइन 1938 पासून वापरात आहे आणि आकडी थांबवते, यात शंका नाही. मात्र मात्रा थोडी वाढली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढते, तोल जातो, बोलणे अडखळते. दीर्घकाळ घेतल्यास हिरड्या सुजतात, हाडे ठिसूळ होतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. शिवाय 1995 मध्ये अमेरिकेत 96 पक्षाघात रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा फेनिटॉइन, झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्या आणि अशीच आणखी काही औषधे घेतलेल्यांच्या हालचाली कमी सुधारल्याचे आढळले. तो केवळ नोंदींचा अभ्यास होता, त्यामुळे दोष औषधाचाच असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही दुसरा पर्याय असताना मी फेनिटॉइन निवडणार नाही.

व्हॅल्प्रोएटने हाताला कंप सुटू शकतो, आणि चमचा तोंडापर्यंत नेण्याचा सराव करणाऱ्या रुग्णासाठी ही किरकोळ बाब नाही. वजन वाढणे, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होणे आणि यकृतावर परिणाम होणे यांवरही लक्ष ठेवावे लागते. ज्या स्त्रीला मूल होऊ शकते, तिच्यासाठी हे औषध शक्यतो टाळतात, कारण गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. लिव्हेटिरॅसिटमचा इतर औषधांशी फारसा संघर्ष होत नाही, म्हणून रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असणाऱ्या वयस्कर माणसाला ते सोयीचे पडते. ते मूत्रपिंडातून बाहेर जाते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी पाहून मात्रा ठरवावी लागते. काहींना सुस्ती येते, तर काहींचा स्वभाव इतका चिडका होतो की घरच्यांना तो आजाराचाच भाग वाटतो. असा बदल दिसल्यास तो तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवावा.

हाताच्या ताकदीसाठी गोळीपेक्षा अधिक ठोस पुरावा सरावाचा आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील 222 रुग्णांवरील चाचणीत पक्षाघातानंतर 3 ते 9 महिन्यांनी चांगल्या हाताला दोन आठवडे मिट (बोटे वापरता येऊ नयेत असा हातमोजा) घालून दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घेतले गेले, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचा हात अधिक सुधारला. मनगट आणि बोटे थोडीतरी उघडता येणाऱ्यांसाठीच ही पद्धत होती, म्हणून आपला रुग्ण त्यात बसतो का, हे फिजिओथेरपिस्टना विचारावे.

सुरू असलेली आकडीची गोळी मनाने अचानक बंद करू नये. त्यातूनच आकडी येऊ शकते. आकडी कधी आली होती का, गोळी किती दिवस चालवायची आहे आणि कमी करायची झाल्यास किती टप्प्यांत, हे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून पुढच्या भेटीत सोबत न्यावेत. खांदेदुखीसाठी दिलेले गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिनही आकडीच्या औषधांच्याच वर्गातील आहे, त्यानेही झोप आणि चक्कर येते. म्हणून तो कागद लिहिताना त्या गोळ्यांचाही त्यात समावेश करावा.