रॉ फोटोंच्या संग्रहासाठी डीएनजी की मूळ फाइल? काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने मी प्रत्येक शूटच्या दोन्ही फाइल ठेवत आले: कॅमेऱ्यातून आलेली मूळ रॉ (सेन्सरने टिपलेला, प्रक्रिया न झालेला डेटा) आणि तिच्यापासून बनवलेली डीएनजी. एडिटिंग दोन्हींवर केलं, बॅकअपही दोन्हींचे घेतले. आता माझ्यापुरता निकाल लागला आहे. कायमच्या संग्रहात मूळ फाइल राहणार आणि डीएनजी फक्त निवडक फोटोंची होणार. मात्र सुरुवातीला जे मुद्दे महत्त्वाचे वाटत होते ते वापरात मागे पडले आणि ज्यांचा विचारच केला नव्हता ते पुढे आले. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

डीएनजी हा रॉ डेटा साठवण्याचा फॉरमॅट ॲडोबीने २००४ साली आणला. तो टिफ या चित्रांच्या जुन्या फॉरमॅटच्या पायावर उभा आहे, त्याचा पूर्ण तपशील जाहीर आहे आणि वापरण्यासाठी कोणालाही शुल्क द्यावं लागत नाही. लायका, पेंटॅक्स, रिको यांच्या अनेक कॅमेऱ्यांतून थेट डीएनजी मिळते, आणि ॲपलच्या आयफोनमधलं प्रोरॉसुद्धा आतून डीएनजीच आहे. याउलट कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू हे त्या त्या कंपनीचे खासगी फॉरमॅट. त्यांची आतली रचना बाहेरच्या लोकांनी उकलून काढली आहे.

बहुतेक जण डीएनजीकडे एकाच भीतीपोटी वळतात: उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर माझे फोटो उघडणार कशात? भीती अगदीच निराधार नाही. २००५ मध्ये निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलमधली व्हाइट बॅलन्सची (रंगांच्या समतोलाची) माहिती कूटबद्ध असल्याचं समोर आलं आणि मोठा वाद झाला. पण ते कूट फार काळ टिकलं नाही. कोनिका मिनोल्टा २००६ मध्ये कॅमेऱ्यांच्या धंद्यातून बाहेर पडली, तरी तिच्या एमआरडब्ल्यू फाइल आजही उघडतात. याचं श्रेय डेव्ह कॉफिन यांच्या डीक्रॉ या मुक्त प्रोग्रामला आणि त्याच्या पायावर उभ्या राहिलेल्या लिबरॉला आहे. ज्या फॉरमॅटमध्ये लाखो लोकांचे फोटो आहेत, तो वाचणारा कोड जगात अनेक ठिकाणी जपलेला असतो. त्यामुळे सर्वसामान्य कॅमेऱ्याची रॉ काही वर्षांत उघडेनाशी होईल, या भीतीने सगळा संग्रह बदलून घेण्याची गरज मला वाटत नाही. कॅमेरा अगदी दुर्मीळ असेल तर गोष्ट वेगळी.

खरा धोका दुसरीकडे आहे: फाइल गुपचूप खराब होणं. डिस्कवर किंवा कॉपी होताना एखादा बाइट बदलतो आणि कोणाच्याही लक्षात येत नाही. हे प्रत्यक्ष पाहावं म्हणून मी एका फोटोच्या दोन्ही फाइलच्या प्रती घेतल्या, हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट थेट बदलता येणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडल्या आणि चित्राच्या डेटाच्या साधारण मध्यावरचा एकेक बाइट बदलला. मग या दोन्ही फाइल एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये टाकल्या. थंबनेल दोन्हींचे उत्तम! कारण ते फाइलमध्ये वेगळ्या जेपेगच्या रूपात साठवलेले असतात, त्यांना धक्काच लागत नाही. नुसते थंबनेल चाळून संग्रह तपासणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. फोटो पूर्ण उघडल्यावर मात्र फरक दिसला. मूळ फाइलमध्ये वरचा अर्धा भाग स्वच्छ होता आणि त्या बाइटपासून खाली तळापर्यंत हिरव्या-जांभळ्या पट्ट्या. डीएनजीमध्ये फक्त एक चौकोन बिघडला होता, बाकी फोटो जसाच्या तसा.

कारण सरळ आहे. लॉसलेस, म्हणजे माहिती न गमावणाऱ्या, कॉम्प्रेशनमध्ये पिक्सेलची पूर्ण किंमत न साठवता शेजारच्या पिक्सेलपासूनचा फरक साठवतात, तोही कमी-जास्त लांबीच्या कोडमध्ये. एक दुवा चुकला की पुढचं सगळं वाचन घसरतं. माझ्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये सगळा डेटा सलग एकच माळ आहे. ॲडोबीचा कन्व्हर्टर डीएनजीमध्ये चित्राचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे साठवतो, म्हणून नुकसान त्या तुकड्यापुरतंच राहतं. शिवाय कन्व्हर्टर रॉ डेटाचा चेकसम (डेटावरून काढलेला, डेटा बदलला की बदलणारा आकडा) डीएनजीच्या आतच लिहून ठेवतो. लाइटरूम या ॲडोबीच्या एडिटिंग प्रोग्राममध्ये डीएनजी फाइल तपासण्याची सोय आहे, तिने माझी बिघडवलेली फाइल लगेच पकडली. डीएनजीची ही बाजू मला मनापासून आवडली. कॅमेऱ्याने थेट लिहिलेल्या डीएनजीमध्ये मात्र हा चेकसम असेलच असं धरून चालू नका.

पण याच ठिकाणी डीएनजीची अडचणही सुरू होते. मूळ रॉवर लाइटरूममध्ये केलेले बदल, कीवर्ड, रेटिंग हे सगळं शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये जातं. मूळ फाइलला कोणी हात लावत नाही. डीएनजीत हीच माहिती फाइलच्या आत लिहिली जाते. फाइल दुसरीकडे नेली तरी एडिट सोबत जातात, एक्सएमपी मागे राहण्याची चिंता नाही, हे सोयीचं आहेच. पण एक कीवर्ड टाकला तरी आख्खी फाइल ‘बदललेली’ ठरते. बॅकअपचा प्रोग्राम काही केबींऐवजी तीस-चाळीस एमबी पुन्हा उचलतो, आणि शेकडो फोटोंना एकदम कीवर्ड दिले की त्या रात्रीचा बॅकअप लांबत जातो. त्याहून गंभीर म्हणजे संपूर्ण फाइलचा चेकसमही बदलतो. मग बदल मी केला की डिस्कने केला, हे बाहेरून ओळखता येत नाही. आतला चेकसम फक्त रॉ डेटावर लक्ष ठेवतो, मेटाडेटा (कीवर्ड, रेटिंग, एडिट यांची माहिती) त्याच्या कक्षेत येत नाही.

मूळ फाइलच्या बाबतीत याला चोख उपाय आहे. कार्डावरून कॉपी झाल्या झाल्या सगळ्या फाइलच्या एसएचए-२५६ किमतींची (हाही एक चेकसमच) यादी बनवायची आणि फाइल रीड-ओन्ली करून टाकायच्या. पुढे केव्हाही यादी पडताळली आणि एक जरी किंमत जुळली नाही, तरी फाइल बिघडली हे नक्की. दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत आणायची. फॉरमॅट कोणताही असला तरी ही यादी बनवाच. माझ्या मते फॉरमॅटच्या निवडीपेक्षा हे काम जास्त महत्त्वाचं आहे.

जागेच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. २४ मेगापिक्सेलचा १४ बिट फोटो कॉम्प्रेशनशिवाय साधारण ४२ एमबीचा होतो. तुमचा कॅमेरा अशी कॉम्प्रेस न केलेली रॉ देत असेल, तर डीएनजी केल्यावर चांगली बचत होईल. आधीच लॉसलेस कॉम्प्रेशन असेल तर फरक किरकोळ. टिफचा विचार मी लवकरच सोडला: तोच फोटो १६ बिट टिफमध्ये १४४ एमबीचा होतो आणि डीमोझेक (सेन्सरच्या एकेका रंगाच्या नोंदींतून प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही रंग काढणं) झालेलं असल्यामुळे रॉचं रॉपण राहत नाही. छपाईसाठी तयार झालेल्या फोटोला टिफ उत्तम, संग्रहाच्या मूळ प्रतीला नाही.

आता डीएनजी करताना काय गमवावं लागतं ते पाहू. कन्व्हर्टर मेकरनोट (कॅमेरा कंपनीने फाइलमध्ये लिहिलेली खास माहिती) सोबत घेतो, पण त्यातलं काय कोणत्या प्रोग्रामला वाचता येईल याचा भरवसा नाही. आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ किंवा कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल हे कंपन्यांचे स्वतःचे प्रोग्राम डीएनजी उघडतच नाहीत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेले रंग हुबेहूब हवे असतील, किंवा कॅननच्या डस्ट डिलीट डेटासारख्या (सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणाऱ्या) गोष्टी वापरायच्या असतील, तर मूळ फाइलच लागते. डीएनजीवरून पुन्हा एनईएफ किंवा सीआर३ बनवता येत नाही. ज्या रस्त्याने परत फिरता येत नाही तिथे संग्रह ठेवणाऱ्याने पाऊल जपून टाकावं, असं माझं ठाम मत आहे. कन्व्हर्टरमध्ये मूळ रॉ डीएनजीच्या पोटात ठेवण्याचा पर्याय आहे, तोही वापरून पाहिला. फाइल जवळजवळ दुप्पट होते आणि मूळ फाइल परत काढायला पुन्हा तोच कन्व्हर्टर लागतो. त्यापेक्षा दोन फाइल वेगळ्या ठेवणं कितीतरी सुटसुटीत.

डीएनजी म्हणून मिळणारी प्रत्येक फाइल सारखी नसते, हेही ध्यानात ठेवा. डीएक्सओ प्युअररॉसारखे प्रोग्राम लिनिअर डीएनजी देतात. तिच्यात डीमोझेक आधीच झालेलं असतं, प्रत्येक पिक्सेलला तीन रंग असतात आणि आकार फुगतो. एडिटिंगला ती छान आहे, पण तिच्या भरवशावर मूळ रॉ पुसू नका. लॉसी कॉम्प्रेशनचा पर्याय नावाप्रमाणेच माहिती टाकून देतो. संग्रहासाठी तो बंदच असावा. डीएनजीच्या २०२३ च्या १.७ आवृत्तीत जेपेग एक्सएल कॉम्प्रेशन आलं, आणि ते उत्तम आहे, पण जुने प्रोग्राम अशी फाइल वाचू शकत नाहीत. म्हणून कन्व्हर्टरमध्ये मी मुद्दाम ॲडोबीच्या कॅमेरा रॉ या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगतता निवडते आणि प्रीव्ह्यू पूर्ण आकाराचा ठेवते. रॉ न वाचणाऱ्या साध्या प्रोग्राममध्येही मग निदान मोठा जेपेग हाती लागतो.

सध्याची घडी अशी आहे. मूळ फाइल, एसएचए-२५६ ची यादी आणि एक्सएमपी तीन ठिकाणी, त्यातली एक जागा घराबाहेर. चार आणि पाच तारे मिळालेल्या फोटोंची, एडिट पूर्ण झाल्यावरच, लॉसलेस डीएनजी. तिच्यात एडिट आणि प्रीव्ह्यू एकत्र असल्यामुळे दुसऱ्या कोणाला द्यायला हीच प्रत बरी पडते. ज्यांचा कॅमेरा थेट डीएनजीच देतो त्यांना यातली निवड करायचीच नाही, पण चेकसमची यादी त्यांनाही लागेल आणि मेटाडेटा लिहिण्याआधीच बनवावी लागेल.